पोळ्यांच्या ताईंचा हात भाजलाय. ठाण्यात नक्की जायचं कुठे?

वसंतविहारची
सोमवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण आज डोक्याला भुंगा लागलाय म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडे सहा वर्षं पोळ्यांना येणाऱ्या ताई लोकमान्यनगरच्या बाजूला राहतात. शनिवारी आल्या तेव्हा पदर उजव्या हाताला गुंडाळलेला. "कुकरची वाफ लागली वहिनी." वाफेने मनगटाच्या आतल्या अंगाला उलथन्याच्या आकाराचा डाग उठत नाही, एवढं मलाही कळतं. चहा दिला, पंख्याखाली बसवलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "नवीन काही नाही ओ, पगाराच्या आठवड्यात असतंच." आणि लगेच, "कुणाला बोलू नका. खोली त्याच्या नावावर आहे."

आज मी रजा टाकून चौकशीला निघाले. कार्यालयांची नावं लिहीत नाही, कुणाला बदनाम करायचं नाहीये. पहिल्या ठिकाणी सांगितलं, "बाईंना घेऊन या." दुसऱ्या ठिकाणी, "हे आमच्याकडे येत नाही, पोलिसांत जा." तिसऱ्या ठिकाणी भिंतीवर महिला हेल्पलाइनचं मोठं पोस्टर होतं, पण त्याच्यापुढे फायलींचं कपाट सरकवलेलं. दिसत होतं फक्त १८. शेवटचा १ कपाटामागे.

तर दोन प्रश्न. आपण घरपट्टी भरतो ती महापालिका या बाबतीत काही करते का? आणि ताई तक्रार करायला तयार नसताना मला काही करता येईल का?

बिनसाखरेचा
सोमवार, रात्री ११.०५

वाचतोय. कपाटाचा फोटो काढायला हवा होतात.

कोर्टनाका_कट्टा
सोमवार, रात्री ११.४०

ठाण्याच्या कोर्टात वकिली करते, त्यामुळे थोडं सविस्तर.

खोलीचं आधी, कारण बायका तिथेच अडतात. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम १७ प्रमाणे बाईला त्या घरात राहायचा हक्क आहे, कागदावर तिचं नाव असो वा नसो. कोर्टाच्या रीतसर आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. २०२० साली सतीशचंद्र आहुजा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं की घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी ते 'सामायिक घर' ठरू शकतं. ताईंना एवढं एकच वाक्य सांगितलंत तरी पुष्कळ.

आता तुमचा पहिला प्रश्न. या कायद्यातला मुख्य माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. तो पालिकेचा नसतो, राज्याच्या महिला व बालविकास विभागाच्या व्यवस्थेतला असतो. तो घटनेचा अहवाल तयार करतो, कोर्टातला अर्ज करायला मदत करतो, दवाखाना आणि निवारा बघून देतो. वर्षानुवर्षं हे काम दुसऱ्या पदाला जोडून दिलेलं असायचं, म्हणून माणूस सापडायचा नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना बजावलं की जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या महिला-बालविकास अधिकाऱ्यांना सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा लागू होऊन अठरा वर्षं उलटल्यावर हे सांगावं लागलं, बघा.

दुसरा प्रश्न. कलम ४ प्रमाणे शेजारी, मालकीण, वॉचमन, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं. चांगल्या हेतूने दिली असेल तर तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. करता येतं म्हणून लगेच करावं का, ते वेगळं.

अंगणवाडीवाली
मंगळवार, सकाळी ६.१५

शेवटच्या ओळीला हात जोडून अनुमोदन. वहिनी, ताईंना न विचारता काही करू नका. तुम्ही फोन करून मोकळ्या व्हाल, रात्री घरात त्या असतील.

मी बावीस वर्षं तुर्भ्याच्या वस्तीत अंगणवाडी चालवली, आता निवृत्त. आमच्याकडे हिंसाचार हा शब्द फक्त ट्रेनिंगला यायचा. बाया म्हणतात, "घरात वाद आहे", "मालकाचा हात सैल आहे", "जरा गरम डोक्याचे आहेत". पोरगं खिचडी खाऊन झाल्यावरही आई उंबऱ्यातच घुटमळायला लागली की मी समजायचे, आज हिला घरी जायचं नाहीये.

पहिलं काम तक्रारीचं नसतं, पिशवीचं असतं. आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, पोरांचे शाळेचे दाखले, पासबुक, लग्नातला एखादा फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. माझ्या कपाटात एके काळी अकरा पिशव्या होत्या. फोन नवरा तपासतो म्हणून १८१ हा नंबर आम्ही 'गॅसवाला' म्हणून सेव्ह करून द्यायचो. आणि लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये जुलै २०२४ पासून बाईच्या नावावर येतात खरे, पण पासबुक आणि कार्ड कुणाच्या खिशात आहे ते विचारा.

खरी अडचण कायद्याची नाहीच. बाई पोलीस ठाण्यात गेली, एक खाडा. दवाखाना, दुसरा खाडा. जिल्ह्याचं ऑफिस, तिसरा. कोर्ट, चौथा. आणि कोर्ट काय एका दिवसात संपतं? चार घरची कामं करणाऱ्या बाईचे महिन्यात चार खाडे झाले की दोन घरं सुटतात. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच पैसे मागायचे.

बिनसाखरेचा
मंगळवार, सकाळी ८.३०

अकरा पिशव्या. सकाळी सकाळी गप्प केलंत.

साधासरळ
मंगळवार, सकाळी ९.१०

ताईंबद्दल वाईट वाटतं, पण तुम्ही सगळे एकच बाजू ऐकून निकाल देताय. ४९८अ चा, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाचा, किती गैरवापर होतो ते आमच्या ऑफिसातल्या दोघांनी भोगलंय. म्हातारे आईबापसुद्धा आत. त्यावर काढा की धागा.

कोर्टनाका_कट्टा
मंगळवार, सकाळी १०.०२

कोर्टात जायच्या गडबडीत आहे, थोडक्यात. ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, १ जुलै २०२४ पासून. ऊठसूट अटक करू नये असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात पोलिसांना बजावलंय. इथे आपण बोलतोय तो कायदा निराळा. त्यातला अर्ज दिवाणी वळणाचा असतो: मारू नको, घरातून काढू नको, खर्चाला दे. अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर मात्र गुन्हा, वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी २.२५

साधासरळ यांना एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१. मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली. ७७ टक्क्यांनी मदत मागितली नाहीच, कुणापाशी बोलल्याही नाहीत. मदत मागणाऱ्याही बहुतेक माहेरच्यांकडेच जातात. पोलिसांपर्यंत पोचतात त्या अगदी थोड्या.

मी पालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. कोणत्या ते विचारू नका. धागाकर्तीच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की महापालिकेचं या बाबतीतलं खरं दार म्हणजे केसपेपरची खिडकी. ज्या घरात बाईला चौकीत जायची सोय नाही, वकिलाकडे जायची नाही, माहेरी फोन करायची नाही, तिथूनही "पोराला ताप आहे" म्हणून दवाखान्यात येता येतं. नवऱ्याला सांगून येता येईल असं हे एकच सरकारी ठिकाण.

आणि तिथे आम्ही काय करतो? मलम लावतो. गर्दीच इतकी असते की "काय झालं?" "पडले." "बरं." केसपेपरवर 'पडल्या' असं लिहिलं की दोन वर्षांनी कोर्टात तेच निघतं. म्हणून ताईंना घेऊन गेलात तर डॉक्टरांना एवढंच म्हणा की कुणी केलं, कशाने केलं, हे त्या सांगतायत तसं लिहा. कायद्याच्या कलम ७ प्रमाणे बाईने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केली तर दवाखान्याला उपचार द्यावेच लागतात.

मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पंचवीसेक वर्षांपूर्वी 'दिलासा' सुरू झालं, महापालिका आणि सेहत ही संस्था मिळून. ओपीडीच्या शेजारीच एक खोली, आत समुपदेशक. नर्सला शंका आली की ती बाईला तिकडे पाठवते. "जरा वजन करून या" म्हणायचं आणि सासूला बाकावर बसवायचं. पुढे मुंबईतल्या आणखी उपनगरी रुग्णालयांत ते नेलं. कळव्याच्या नाहीतर वाशीच्या ओपीडीत रोज किती बायका येतात विचार करा, म्हणजे अशा खोलीचं महत्त्व कळेल.

बजेट_वाचक
मंगळवार, सायंकाळी ७.४५

पैशाचं मी सांगतो, हा माझा छंद (बायको रोग म्हणते).

महापालिकांनी अर्थसंकल्पातला ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावा असा राज्याचा दंडक आहे. तो कुठे खर्च करायचा ते महिला व बालकल्याण समितीने सुचवायचं. बहुतेक पालिकांत वर्षानुवर्षं तीच यादी: शिलाई मशीन, ब्यूटी पार्लरचा कोर्स, घरघंटी, ८ मार्चचा मेळावा, मेळाव्यात पैठणी. समुपदेशकाच्या पगाराला फीत कापता येत नाही ना.

त्यात नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून पुढे कितीतरी काळ प्रशासक होता. नगरसेवक नव्हते म्हणजे समिती नव्हती, आणि समिती नव्हती म्हणजे "गेल्या वर्षी हा पैसा कुठे गेला" हे सभागृहात विचारणारी बाईही नव्हती. त्या मशीनच्या पैशात प्रत्येक मोठ्या रुग्णालयात दोन समुपदेशक सहज बसतील.

अंगणवाडीवाली
मंगळवार, रात्री ९.२०

मशीनला नावं ठेवू नका दादा. आमच्या गल्लीतल्या एकीने त्याच मशीनवर परकर शिवून वर्षभरात डिपॉझिटचे पैसे जमवले आणि वेगळी खोली घेतली. दुसरीचं मशीन नवऱ्याने पंधरा दिवसांत विकलं, हेही खरं. मशीन द्या, पण देताना कुणीतरी तिच्याशी पाच मिनिटं बोला की. फॉर्मवर अंगठा घेतात आणि "पुढची" म्हणतात.

नेरुळ_सेक्टर_वीस
मंगळवार, रात्री १०.१०

माझा अनुभव, जरा वेगळा.

धाकटी बहीण खारघरला असते. गेल्या वर्षी रात्री दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आली. सकाळी आम्ही ट्रान्सहार्बरने ठाणे गाठलं, कारण आपल्या डोक्यात नवी मुंबई म्हणजे ठाणे जिल्हा. दीड तास थांबल्यावर कळलं, खारघर रायगडमध्ये. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका, ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत, जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. पोलीस आयुक्तालय मात्र दोन्हीकडे एकच. आम्ही शिकलेली माणसं, तरी गोंधळलो.

बाहेर येऊन ती फुटपाथवर बसली आणि म्हणाली, "दादा, जाऊ दे ना, मी परत जाते." मारापेक्षा त्या दीड तासाने ती जास्त खचली.

नंतर एका वकिलांनी सांगितलं की कलम २७ प्रमाणे बाई सध्या जिथे राहतेय, तात्पुरती का होईना, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. ती माझ्याकडे नेरुळला होती, म्हणून बेलापूरला अर्ज केला. हे त्या दिवशी खिडकीतल्या माणसाने सांगितलं असतं तर!

साधासरळ
मंगळवार, रात्री १०.५५

एक प्रामाणिक प्रश्न, भांडायला नाही. आमच्या मजल्यावर एक आजी आहेत. मुलगा पिऊन आला की आवाज येतात. सून आजींच्या बाजूची आहे. हा कायदा फक्त बायकोसाठी का?

कोर्टनाका_कट्टा
मंगळवार, रात्री ११.१५

नाही. आई मुलाविरुद्ध जाऊ शकते, बहीण भावाविरुद्ध, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी बाईसुद्धा. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने 'प्रौढ पुरुष' हे शब्दच व्याख्येतून काढले, त्यामुळे समोर बाई असली तरी अर्ज चालतो. आजींना ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदाही आहे. तुम्ही आधी एकदा दुपारी, मुलगा नसताना, त्यांच्याकडे चहाला जा.

सातवामजला
बुधवार, रात्री १.३०

हा आयडी आजच काढलाय.

घोडबंदर रोडवरचं मोठं संकुल, तरणतलाव, क्लबहाउस, सगळं. तिथे नऊ वर्षं. हे फक्त चाळीत होतं असं कुणाला वाटत असेल तर भिंती तिथे जाड असतात एवढाच फरक. माझ्यासाठी ११२ वर फोन केला तो रात्रपाळीच्या वॉचमनने. कमिटीच्या लोकांनी नंतर त्यालाच झापलं, की सोसायटीचं नाव खराब होतं.

मी सखी वन स्टॉप सेंटरमध्ये राहिले. २०१५ पासूनची केंद्राची योजना आहे. पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशन एका छताखाली मिळावं आणि पाच दिवसांपर्यंत राहता यावं अशी कल्पना. तिथल्या बाईने मला पहिल्या रात्री काहीही विचारलं नाही, फक्त झोपायला दिलं. हे मी विसरणार नाही. पण सहाव्या दिवशी काय? मोठ्या मुक्कामाला शक्ती सदन असतं (पूर्वीचं स्वाधार). मला मैत्रिणीने ठेवून घेतलं म्हणून निभावलं.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं आहे. माझा चौदा महिन्यांनी लागला. मध्ये नोटीस त्याला पोचतच नव्हती, कारण तो घरात असूनही वॉचमनला "नाही म्हणून सांग" सांगायचा. वॉचमन नवा होता. जुन्याला काढून टाकलेला.

त्या चौदा महिन्यांत मला वकील होता, पगार होता, इंग्रजी येत होतं. तरी कोर्टाच्या जिन्यावर एकटी बसले की परत जावंसं वाटायचं. ज्या दिवशी मैत्रीण सोबत यायची त्या दिवशी तसं वाटायचं नाही. ती फक्त शेजारी बसून चिक्की खायची.

व्यवस्थापक
बुधवार, सकाळी ७.००

सातवामजला, लिहिल्याबद्दल आभार. सर्वांना विनंती, कुणाची इमारत, चाळ, नोकरीचं ठिकाण ओळखू येईल असे प्रश्न विचारू नका. दोन प्रतिसाद काढले आहेत.

रात्रपाळी
बुधवार, सकाळी ७.४०

सातवामजला, शेवटचा परिच्छेद मी आमच्या वॉर्डात वाचून दाखवणार आहे.

हेच हवंय आपल्याला. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत स्पेशल सेल सुरू केला तेव्हा युक्ती हीच होती: पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारी, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजसेविका. बाईबरोबर टेबलापर्यंत चालत जाणारी. पुढे राज्याने ते जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं. महापालिकांनी दवाखान्यात तशीच माणसं नेमावीत. नवी इमारत नको, नवं ॲप तर नकोच नको. सोबत जाणारी बाई हवी, आणि तिच्या हातात रिक्षाचे पैसे.

बजेट_वाचक
बुधवार, सकाळी ९.०५

"खाडा भत्ता" म्हणून लेखाशीर्ष उघडा म्हणावं. मी गमतीने लिहिलं आणि आता वाटतंय, का नको? तारखेला गेलेल्या बाईला त्या दिवसाची मजुरी. ५ टक्क्यांत मावेल. प्रभागातल्या नगरसेविकेला पत्र लिहितोय, मसुदा शनिवारी इथे टाकतो.

साधासरळ
बुधवार, सायंकाळी ६.३०

चहाला जाऊन आलो. मिसेसला घेऊन. आजी बोलल्या. सविस्तर नंतर.

वसंतविहारची
गुरुवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे खूप आभार. काय झालं ते सांगते.

मंगळवारी ताईंना खोलीबद्दल सांगितलं. लाटणं थांबलं. "त्याच्या नावावर असली तरी?" हो. पोळी तव्यावर करपली तरी पुन्हा तेच, "म्हणजे भाडेपावती त्याच्या नावाची असली तरी?" जाताना दारातून तिसऱ्यांदा विचारलं.

काल कामाच्या वेळेतच आम्ही दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला. डॉक्टर तरुण होती. ताईंनी आधी कुकरच सांगितला. मी काही बोलले नाही, अंगणवाडीवालींचं ऐकून. डॉक्टरने पट्टी बांधता बांधता विचारलं, "घरी कुणी केलं का?" आणि मग सगळं बाहेर आलं. तिने तसंच लिहून घेतलं.

आज ताईंनी पिशवी आणून दिली. मिठाईच्या दुकानाची आहे, माझ्या साड्यांखाली ठेवलीय. पासबुकात लाडक्या बहिणीचे हप्ते जमा झालेले दिसतात आणि त्याच दिवशी काढलेलेही.

तक्रार करायची की नाही ते अजून ठरलेलं नाही. "आधी विचारून तरी घेते" म्हणतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो असं मी १५१०० वर फोन करून पक्कं केलं. सोमवारी जायचं म्हणतायत. इमारतीतल्या त्यांच्या इतर तीन घरी सोमवारचा खाडा धरू नका म्हणून सांगून आले. दोघी लगेच हो म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कारण विचारलं. मी म्हटलं, कुकरची वाफ लागलीय.

कोर्टनाका_कट्टा
गुरुवार, रात्री १०.४०

प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. साडेदहाला मुख्य फाटकाशी या, मी काळ्या कोटात असेन (तिथे सगळेच असतात, पण माझी पिशवी लाल आहे). केसपेपर आणि आधारची झेरॉक्स पुरे. मूळ कागद पिशवीतच राहू द्या. त्यांना सांगा, सोमवारी फक्त बोलायचं आहे, सही कशावरच करायची नाही.

अंगणवाडीवाली
गुरुवार, रात्री १०.५५

मीपण येते. तुर्भ्याहून गाडी सरळ आहे. डबा घेऊन येईन, तिथे भूक फार लागते.

वसंतविहारची
शुक्रवार, सकाळी ११.१५

ताई आत्ता पोळ्या करतायत. विचारतायत, कोर्टात चप्पल बाहेर काढायची असते का?

कोर्टनाका_कट्टा
शुक्रवार, सकाळी ११.१८

नाही. घालूनच आत या म्हणावं.